प्रवासासाठी क्रेडिट कार्ड: निवड, पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

अर्ज भरण्याआधी गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढा आणि रेल्वे, विमान, हॉटेल, परदेशातला खर्च व बाकीचा खर्च अशा पाच बेरजा करा. कार्ड या बेरजांवरून ठरवायचे, जॉइनिंग बोनस पाहून नव्हे. पुणे-नागपूर कायम रेल्वेने करणाऱ्याला विमान कंपनीचे को-ब्रँडेड (बँकेने त्या कंपनीसोबत काढलेले) कार्ड काय कामाचे? त्याने आयआरसीटीसीचे को-ब्रँडेड कार्ड पाहावे. त्यातही जादा पॉइंट (खर्चावर मिळणारे बक्षीस गुण) बहुधा एसी वर्गांच्या तिकिटांवरच मिळतात, त्यामुळे स्लीपरने जाणाऱ्यांनी अटी वाचूनच पुढे जावे.

‘१०० रुपयांना २ पॉइंट’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. एका पॉइंटचे किती पैसे होतात, ते विचारा. समजा, बिलात वळते करताना पॉइंटला २५ पैसे आणि विमान तिकिटासाठी ५० पैसे मिळतात. वर्षाला ३ लाख खर्चले की ६,००० पॉइंट, म्हणजे बिलात १,५०० रुपये किंवा तिकिटात ३,०००. वार्षिक फी १,५०० असेल तर १८ टक्के जीएसटी धरून १,७७० रुपये जातात. म्हणजे हेच कार्ड तिकीट काढणाऱ्याला १,२३० रुपये मिळवून देते आणि बिलात पॉइंट वळते करणाऱ्याच्या खिशातून २७० रुपये काढते. हिशेबात घरभाडे, वॉलेट, इंधन आणि सरकारी भरणा धरू नका. यांवर बऱ्याच कार्डांवर पॉइंट मिळत नाहीत.

परदेशी जाणाऱ्यांनी पॉइंटआधी फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, पाहावा. ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी मिळून १ लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये लागतात, २ टक्के असेल तर २,३६०. एक टक्का पॉइंट मिळाले तरी हा खड्डा भरत नाही. दुबईत किंवा सिंगापुरात दुकानदाराने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारले, तर स्थानिक चलनच सांगा. रुपयांत घेतले की दुकानाचा विनिमय दर लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

विमानतळावरच्या लाउंजमधला (आरामकक्षातला) मोफत प्रवेश आता अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीतल्या खर्चावर अवलंबून असतो. वर्षातून एकदा उडणाऱ्याने त्यासाठी जास्त फी भरू नये.

आता पात्रता. वयाची आणि उत्पन्नाची अट प्रत्येक बँकेची वेगळी असते. सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा गुणांक) ७५० च्या पुढे असला की काम सोपे होते. असा इतिहास नोंदवणाऱ्या सिबिलसह चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो आधी काढा, कारण फेडलेले कर्ज त्यात ‘चालू’ दिसत असेल तर दुरुस्ती अर्जाआधीच व्हायला हवी. उत्पन्नाचा पुरावा नसेल तर मुदत ठेवीवर कार्ड मिळते. घरातल्या कुणाच्या कार्डावर अॅड-ऑन (जोडकार्ड) घेता येते, मात्र बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची.

कागदपत्रांत पॅन, आधार, फोटो आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा लागतो. नोकरदारांकडून साधारणपणे शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचे स्टेटमेंट मागतात. व्यावसायिकांकडून बहुधा दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे. अर्ज बऱ्याचदा अडतो तो नावावर. पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, आधारवर फक्त नाव-आडनाव, किंवा लग्नानंतर एकीकडेच आडनाव बदललेले. दोन्ही कागद जुळवून घ्या, मगच अर्ज करा. आधारवर गावचा पत्ता आणि राहणे भाड्याच्या घरात असेल, तर भाडेकरार किंवा वीजबिल हाताशी ठेवा.

व्हिडिओ केवायसीला (व्हिडिओ कॉलवरून होणाऱ्या ओळख-पडताळणीला) मूळ पॅन कार्ड समोर हवे. ई-पॅनची छापील प्रत चालत नाही. लोकेशन चालू ठेवा, खोलीत उजेड हवा. कॉल तुटला की बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद क्रेडिट अहवालात होते आणि पाचवी बँक सावध होते. अर्ज नाकारला तर नेमके कारण लेखी कळवणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेला बंधनकारक आहे. ते मागून घ्या आणि कारण दूर केल्यावरच पुन्हा अर्ज करा.

कार्ड हाती आल्यावर ऑनलाइन, कॉन्टॅक्टलेस आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात. ते अॅपमधून तुम्हीच चालू करायचे आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवायची. हे विमानतळावर पोहोचण्याआधी करा. कार्ड ३० दिवसांत सक्रिय केले नाही, तर बँकेला ओटीपीने तुमची संमती घ्यावी लागते. संमती न दिल्यास कार्ड विनाशुल्क बंद होते.

बिल पूर्ण भरायचे, ‘किमान देय रक्कम’ नव्हे. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि एका महिन्यातच पॉइंटची कमाई त्यात जाते. एटीएममधून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

वर्षअखेरीस हिशेब जमला नाही, तर फी लागण्याआधी कार्ड बंद करा. आधी पॉइंट वापरून टाका, थकबाकी शून्य करा आणि मग विनंती नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद केले नाही, तर त्यापुढच्या विलंबासाठी बँक तुम्हाला दिवसाला ५०० रुपये देणे लागते. बँक दाद देत नसेल किंवा तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही.