पार्श्वभूमी : बड्या सत्तेचा मान मिळतो कसा?

नेपोलियनच्या पाडावानंतर १८१४ मध्ये युरोपातले लहानमोठे राजे आणि त्यांचे मुत्सद्दी व्हिएन्नात जमले. मेजवान्या सगळ्यांसाठी होत्या. निर्णय मात्र ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया (जर्मनांचे एक राज्य) या चौघांनी आपसात घ्यायचे ठरले होते. प्रशिया तसा या चौघांत सर्वांत लहान, पण नेपोलियनशी लढताना त्याच्या फौजांनी मोठा वाटा उचलला होता. हरलेल्या फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेराँ यांनी या चौकडीतली फट बरोबर हेरली. पोलंड आणि सॅक्सनीच्या वाटणीवरून चौघांचे बिनसताच, ३ जानेवारी १८१५ रोजी त्यांनी ब्रिटन आणि ऑस्ट्रियाशी गुप्त करार केला. त्याच महिन्यात फ्रान्स पाचवा म्हणून बैठकीत बसू लागला. फ्रान्सच्या फौजेत तेवढ्यात एका शिपायाचीही भर पडलेली नव्हती.

फौज, खजिना, कारखाने यांच्याशिवाय कोणी बडी सत्ता होत नाही, हे खरेच. पण तेवढ्याने भागत नाही. आधीच्या मानकऱ्यांनी जागा द्यावी लागते. १८५६ च्या पॅरिस तहाने ऑटोमन (तुर्की) साम्राज्याला युरोपच्या व्यवस्थेत सामील करून घेतले खरे, पण तिथे परकीयांना असलेल्या खास सवलती तशाच राहिल्या, आणि १८७८ मध्ये बर्लिनला त्याच्याच प्रदेशांची वाटणी झाली. उलट नव्याने एक झालेल्या इटलीला बड्यांत गणले गेले ते ताकदीपेक्षा सोयीने.

जपानची गोष्ट अधिक बोचरी आहे. १९०२ मध्ये ब्रिटनशी मैत्रीकरार, १९०५ मध्ये रशियाचा पराभव, पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत पाच प्रमुख राष्ट्रांत स्थान. एवढे झाल्यावर जपानने राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) घटनेत वांशिक समतेचे तत्त्व घालण्याचा आग्रह धरला. १७ पैकी ११ मते बाजूने पडली. बैठकीच्या अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी एकमत नसल्याचे सांगून ठराव बाजूला ठेवला. खुर्ची मिळाली, बरोबरी नाही. जपानमध्ये हा अपमान बराच काळ सलत राहिला.

१९४५ मध्ये हा मान प्रथमच ठोस हक्क म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत लिहिला गेला. सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांना नकाराधिकार, म्हणजे एकट्याने ठराव अडवण्याचा हक्क, मिळाला. सनद ठरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत लहान देशांनी त्यावर बरीच आदळआपट केली, तेव्हा अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली यांनी सनदेचा मसुदा सर्वांसमोर टराटरा फाडला: नकाराधिकार नको असेल तर सनदही विसरा. नाटकी होते, पण प्रामाणिकही. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाच्या नेत्यांच्या याल्टा इथल्या बैठकीला न बोलावलेला फ्रान्सही या पाचांत आला, मुख्यतः ब्रिटनच्या आग्रहामुळे. चीनसाठी आग्रह अमेरिकेचा होता.

जागा पक्की झाली तरी ताकद पक्की राहत नाही, हे ब्रिटनला ११ वर्षांत कळले. १९४४ मध्ये विल्यम फॉक्स या अभ्यासकाने अमेरिका आणि सोव्हिएत संघासोबत ब्रिटनलाही महासत्तांत धरले होते. १९५६ मध्ये इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावर चढाई केल्यावर अमेरिकेने पौंडाला आधार द्यायला नकार दिला आणि ब्रिटनला मोहीम आवरावी लागली. नकाराधिकार हाताशी होता, पण चलन सावरायला त्याचा काय उपयोग?

कायम सदस्यत्वासाठी भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील २००५ पासून एकत्र जोर लावत आहेत. अडचण सनदेच्या १०८ व्या कलमात आहे: दुरुस्ती लागू व्हायला दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता हवी आणि त्यांत पाचही कायम सदस्य हवेत. परिषद एकदाच, १९६५ मध्ये, ११ वरून १५ जणांची झाली. वाढल्या त्या फक्त अस्थायी जागा. बाकीचे बदल सनदेला हात न लावता झाले: तैवानमधल्या सरकारऐवजी बीजिंगला १९७१ मध्ये जागा मिळाली ती आमसभेच्या ठरावाने, आणि रशियाने १९९१ मध्ये सोव्हिएत संघाची खुर्ची घेतली ती एका पत्राने. सनदेच्या २३ व्या कलमात आजही ‘चीनचे प्रजासत्ताक’ (तैवानमधल्या सरकारचे नाव) आणि सोव्हिएत संघ हीच नावे छापलेली आहेत.