रुईला कीड लागत नाही?

“रुई विषारी, म्हणून तिला कीड लागत नाही. पानांचं पाणी फवारा, कुंडीतली सगळी कीड मरेल” असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. रुईचा चीक विषारी आहे, हे अगदी खरं. पण कीड लागत नाही, हे खरं नाही.

पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला गेलात तर रुईची पानं उलटून बघा (चीक डोळ्याला लागू देऊ नका, इजा होते). कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा (रस शोषणारी बारीक कीड) चिकटलेला असतो. पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, तर ती प्लेन टायगर फुलपाखराची.

चिकातली विषद्रव्यं प्राण्यांच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडतात. या अळीच्या पंपाची घडण थोडी बदललेली आहे, म्हणून विष तिथे नीट चिकटत नाही. शिवाय त्यातलं काही ती अंगात साठवते, ते पुढे फुलपाखरातही उरतं. पक्ष्याला चव कडू लागली की तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. गंमत म्हणजे डनॅइड एगफ्लाय या वेगळ्याच फुलपाखराची मादी नुसतं प्लेन टायगर फुलपाखराचं रूप घेऊन वाचते!

म्हणजे एकच विष सगळ्या किडींना सारखं लागू पडत नाही. कडुनिंबसुद्धा कीड लगेच मारत नाही, तिचं खाणं आणि वाढ रोखतो. पडताळायचं तर मावा लागलेल्या एका कुंडीवर रुईच्या पानांचं पाणी, दुसरीवर नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि आठवडाभर मावा मोजा. ढालकिडे (लेडीबर्ड) दिसले तर दोन्ही थांबवा. ते मावाच खातात.