‘पहिला अंक’ म्हणजे सोनं नव्हे

चाकरमानी भाचा गणपतीला रत्नागिरीत आला, की पोटमाळ्यावरचा कॉमिक्सचा डबा हमखास उतरतो. ‘मामा, पहिला अंक जपून ठेवा हां, पुढे लाखांत जाईल.’ हा समज तीसेक वर्षं फिरतोय, आणि प्रकाशकांनी त्यावर पोटभर धंदा केलाय.

सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला, तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा १९३८चा पहिला अंक १० सेंटना मिळायचा. २०२४ साली त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला विकली गेली. पण कशामुळे? मुलांनी ते अंक वाचून फाडले, युद्धकाळात रद्दीत गेले. उरलेच मोजके. उलट १९९१चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक ८० लाखांहून जास्त छापला, तोही पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह. लोकांनी पाचही घेतले, न वाचता पिशवीत जपले. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? आज तो मातीमोल भावात मिळतो. फुगा फुटला, दुकानं बंद पडली, ‘एक्स-मेन’ छापणाऱ्या मार्व्हलनेही १९९६ साली दिवाळखोरी जाहीर केली.

तरी मुखपृष्ठांचा खेळ चालूच आहे. मालिका पुन्हा-पुन्हा ‘एक’पासून सुरू होते, आणि वाचणाऱ्याला कुठून वाचायचं तेच कळत नाही. चाहत्यांचा वैताग खरा आहे तो इथे.

आणि आपल्याकडे तर आगोटीपासूनची ओल, कसर, वाळवी! माझे वेताळाचे (म्हणजे फँटमचे) ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे अंक बुरशीने एकमेकांना चिकटलेत. भाच्याला म्हटलं, वाच आधी, उघडतंय तोवर.