सात जागांचा माणूस आणि उंच उडालेला चेंडू

‘युटिलिटी प्लेअर’ म्हटलं की आपल्याकडे लगेच एक समज करून घेतला जातो: कुठल्याच जागी पक्का नाही, म्हणून जिथे भगदाड पडेल तिथे बुजवायला ठेवलेला गडी. एक ना धड, भाराभर चिंध्या. मला हा समज मनापासून खटकतो, कारण बेसबॉलमध्ये दोन जागा नीट खेळणं म्हणजे चेंडूकडे बघण्याच्या दोन वेगळ्या पद्धती शिकणं असतं. सात जागा खेळणारा माणूस काय करतो, हे समजून घ्यायचं तर थोडं भौतिकशास्त्र लागतं. तेवढं शाळेत झालेलं आहे.

माणूस आहे बेन झोब्रिस्ट. इलिनॉय राज्यातल्या युरेका गावचा, जन्म १९८१ चा. २००४ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला सहाव्या फेरीत घेतलं आणि २००६ मध्ये टॅम्पा बेच्या संघाला देऊन टाकलं. तिथे तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) म्हणून मोठ्या लीगमध्ये उतरला. पहिले दोन मोसम फलंदाजी इतकी दुबळी होती की आणखी संधी मिळेल असं कुणाला वाटलं नसतं. पण व्यवस्थापक जो मॅडन यांनी त्याला एका जागेवर बांधून ठेवलं नाही. २००९ च्या मोसमात तो पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (फलंदाजामागे बसून तो पकडणारा) सोडून उरलेल्या सातही जागांवर खेळला आणि शिवाय २७ होमरन, म्हणजे बेसबॉलचे षटकार, मारले.

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणारे नऊ. पिचर, कॅचर, चौकोनी इनफिल्डमध्ये चार (पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप) आणि मागे विस्तीर्ण आउटफिल्डमध्ये तीन. इनफिल्ड आणि आउटफिल्ड ही मला दोन वेगळी शास्त्रं वाटतात. आधी आउटफिल्ड घेतो, कारण त्यातली गंमत मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही.

फलंदाजाने चेंडू उंच उडवला. तो कुठे पडणार हे आउटफिल्डरला कसं कळतं? नेहमीचं उत्तर असं की मेंदू वेग आणि कोन मोजून पडण्याची जागा काढतो आणि पाय तिकडे धावतात. हे उत्तर बहुतेक चुकीचं आहे. १९६८ मध्ये सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने याहून फार सोपी युक्ती दाखवून दिली.

तुमच्या डोळ्यांपुढे एक मीटरवर एक उभी काच आहे असं समजा. उडालेला चेंडू त्या काचेतून दिसतो आणि वर चढत जाणारा ठिपका वाटतो. ठिपक्याची काचेवरची उंची म्हणजे उन्नत कोनाचा टॅन. आता आकडे घालू. चेंडू ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने पुढे सरकतोय आणि हवेत ४ सेकंद राहणार आहे. तो ८० मीटरवर पडेल. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने त्याची उंची पहिल्या सेकंदाला १४.७ मीटर, दुसऱ्याला १९.६ आणि तिसऱ्याला परत १४.७ मीटर.

तुम्ही नेमके ८० मीटरवर उभे असाल तर पहिल्या सेकंदाला चेंडू तुमच्यापासून ६० मीटर दूर आणि १४.७ मीटर उंच. भागाकार ०.२४५, म्हणजे काचेवर साडेचोवीस सेंटिमीटर. दुसऱ्या सेकंदाला १९.६ भागिले ४०, म्हणजे ४९ सेंटिमीटर. तिसऱ्या सेकंदाला १४.७ भागिले २०, म्हणजे साडेत्र्याहत्तर. दर सेकंदाला बरोबर साडेचोवीसची भर. चेंडू प्रत्यक्षात खाली येऊ लागलाय, तरी काचेवरचा ठिपका लिफ्टसारखा एकाच वेगाने वर चढतोय!

आता दहा मीटर पुढे, ७० वर उभे राहा. काचेवर २९, मग ६५, मग १४७ सेंटिमीटर. ठिपका सुसाट सुटतो, कारण चेंडू डोक्यावरून जाणार आहे. दहा मीटर मागे, ९० वर गेलात तर २१, ३९, ४९. ठिपका मंदावतो, म्हणजे चेंडू तुमच्या पुढ्यात पडणार. ज्याला बीजगणित आवडतं त्याने उंचीचं आणि अंतराचं सूत्र लिहून एकाला दुसऱ्याने भागावं. पडण्याच्या जागेवरून पाहिलं तर अंश आणि छेद दोन्हींत ‘उरलेला वेळ’ हा अवयव येतो, तो उडतो, आणि मागे फक्त काळाच्या सम प्रमाणातलं पद उरतं. मी हे पहिल्यांदा वहीवर करून पाहिलं तेव्हा दोनदा तपासलं होतं, इतकं ते स्वच्छ सुटतं.

तर आउटफिल्डरला पडण्याची जागा माहीत असायची गरजच नाही. ठिपक्याचा वेग वाढतोय असं दिसलं की मागे सरायचं, घटतोय असं दिसलं की पुढे धावायचं. वेग सारखा राखत राहिलं की पाय आपोआप योग्य ठिकाणी जाऊन पोचतात. खऱ्या चेंडूला हवेचा अडथळा होतो आणि त्याचा मार्ग परिपूर्ण अन्वस्त राहत नाही, तरी बिघडत नाही, कारण दुरुस्ती शेवटच्या क्षणापर्यंत चालूच असते. पीटर मॅक्लिऑड आणि झोल्टन डायनिस यांनी १९९० च्या दशकात झेल घेणाऱ्यांचं चित्रण करून हे तपासलं. माणसं आधी जाऊन वाट बघत उभी राहत नाहीत, चेंडू आणि ती जवळजवळ एकाच वेळी पोचतात. जागा आधीच काढली असती तर धावत सुटून निवांत उभं राहता आलं असतं.

चेंडू बाजूला गेला तर काय? १९९५ मध्ये मॅकबीथ, शेफर आणि कैसर यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं की खेळाडू अशा मार्गाने धावतो की त्याला चेंडूचा मार्ग सरळ रेषेत दिसत राहावा. पुढे फ्रिस्बी पकडणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीतही हेच आढळलं. या दोन सिद्धांतांच्या पुरस्कर्त्यांत बराच वाद झाला. त्यात शिरत नाही, पण एक गोष्ट आपण सगळ्यांनी मैदानावर भोगलेली आहे: सर्वांत अवघड झेल थेट आपल्या अंगावर येणारा. बाजूच्या हालचालीची खूण मिळत नाही आणि ठिपक्याचा वेग बदलतोय हे कळायला उशीर होतो. लहानपणी मी असाच हात वर करून पुढे धावलो होतो आणि चेंडू मागे धप्पकन पडला होता.

इनफिल्डमध्ये ही युक्ती कुचकामी. ताशी १६० किलोमीटरने मारलेला चेंडू सेकंदाला ४४ मीटर जातो. तिसऱ्या बेसवाला अंदाजे तीस मीटरवर, म्हणजे हातात पाऊण सेकंदाहूनही कमी वेळ. त्यातला पाव सेकंद नुसतं ‘दिसलं’ हे कळण्यात जातो. म्हणून बॅटला चेंडू लागण्याच्या क्षणीच इनफिल्डर पायांवर एक बारीकशी उडी घेतो, उतरताना दोन्ही बाजूंना ढकलता यावं म्हणून. आणि टप्पा निवडतो. टप्पा पडताक्षणी चेंडू गोळा करायचा, नाहीतर तो उसळून माथ्यावर आला की घ्यायचा. मधला, अर्धवट उसळलेला चेंडू टाळायचा. जमिनीवरच्या खड्यामुळे दिशेत झालेला फरक टप्प्याजवळ दोन बोटांचा असतो, तोच मीटरभर पुढे वीतभर होतो. आपल्या एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, त्यातले बरेच फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभं राहून. तिथे टप्पा नसतो, पण वेळेची ही कंजुषी तीच.

हातमोजासुद्धा बदलतो. दुसऱ्या बेसवर आणि शॉर्टस्टॉपला साधारण साडेअकरा इंचांचा, उथळ खळग्याचा, कारण चेंडू क्षणात बाहेर काढून फेकायचा असतो. फलंदाज चार-साडेचार सेकंदांत पहिल्या बेसवर पोचतो. आउटफिल्डमध्ये पावणेतेरा इंचांपर्यंतचा, खोल. तिथे बोटांच्या टोकांशी आलेला चेंडू सुटता कामा नये. फेकही वेगळी: इनफिल्डमध्ये बाजूने, आखूड हाताने; आउटफिल्डमधून पूर्ण हात फिरवून. शॉर्टस्टॉपला जवळजवळ सगळा खेळ समोर दिसतो, तर दुसऱ्या बेसवर एकाच चेंडूवर दोघांना बाद करताना पळणारा पाठीकडून येतो आणि उडी मारत वळून फेकावं लागतं. यालाच हल्ली ‘मसल मेमरी’ म्हणतात. स्नायूंना स्मृती नसते. सराव होतो मेंदूत, आणि प्रत्येक जागेचा वेगळा होतो. म्हणूनच मोबाइलवर ठिपके दाबून ‘प्रतिक्रिया वेगवान करा’ असं सांगणाऱ्या अ‍ॅपवर पैसे घालवू नयेत. त्यातून ठिपके दाबणं सुधारतं.

सात जागांची ही किंमत पूर्वीच्या आकडेवारीत दिसतच नसे. धावा आणि होमरन मोजले जात, शॉर्टस्टॉपला उभं राहण्याची काठिण्यपातळी नाही. नव्या सांख्यिकीने ती हिशोबात घेतली. अशा एका प्रचलित पद्धतीत १६२ सामन्यांच्या मोसमात शॉर्टस्टॉपला साडेसात धावा जमा धरतात, तर पहिल्या बेसवाल्याच्या साडेबारा वजा करतात. संघाच्या यादीत तेव्हा २५ नावं, त्यातली जवळपास निम्मी पिचर. बाकावर चारपाच जण उरत. तिथे सात जागा सांभाळणारा एक माणूस असला की व्यवस्थापकाला आणखी एक पिचर ठेवता येतो. २००९ च्या झोब्रिस्टची गणना त्या मोसमातल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूंत झाली ती या हिशोबामुळे.

२०१५ मध्ये तो कॅन्सस सिटी रॉयल्सबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकला आणि मग चार वर्षांच्या ५.६ कोटी डॉलरच्या करारावर शिकागो कब्जकडे गेला. तिथे पुन्हा मॅडन होते. कब्ज १९०८ नंतर ही मालिका एकदाही जिंकले नव्हते, आणि लोक त्याचं खापर एका बोकडावर फोडत. १९४५ मध्ये एका गुत्तेवाल्याला त्याच्या बोकडासह मैदानाबाहेर काढलं, त्याने शाप दिला, अशी कथा. शाप कुणाला लागत नसतो. १९४७ नंतरची जवळजवळ वीस वर्षं हा संघ तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात होता, कारण संघबांधणीच कच्ची होती. देवीच्या कोपाने गावात रोग आला म्हणणाऱ्यांना आपण विहिरीचं पाणी तपासायला सांगतो, तसंच इथेही.

२ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलंड, कब्जच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना. नऊ डाव संपले तेव्हा ६-६ बरोबरी, मग १७ मिनिटं पाऊस. दहाव्या डावात कब्जच्या ब्रायंटने चेंडू मध्य आउटफिल्डमध्ये खोल उडवला. क्षेत्ररक्षकाने मागे सरत झेल घेतला, पण तेवढ्यात त्याचा साथीदार अल्मोरा पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर पोचला. पुढच्या फलंदाजाला, रिझोला, मुद्दाम न खेळवता पहिला बेस देऊन टाकला. मग झोब्रिस्ट डाव्या हाताने खेळायला उभा राहिला. त्याने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसवाल्या रामिरेझच्या पलीकडून, रेषेला धरून डाव्या कोपऱ्यात गेला. अल्मोराने धाव पूर्ण केली, ७-६. शेवटी कब्जने सामना ८-७ असा जिंकला आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू झोब्रिस्ट ठरला. त्या रात्री तो डाव्या आउटफिल्डमध्ये खेळत होता. त्या मोसमात बहुतेक वेळ तो दुसऱ्या बेसवर होता.