पान्हा, पकड आणि ‘दूध पुरत नाही’

बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास ऐकावं लागतं, ‘बाळ सारखं रडतंय, दूध पुरत नाही वाटतं.’ मग पावडरच्या दुधाचा डबा येतो. खरं तर पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीकच लागतो. वार पडल्यावर दूध रोखून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपाट्याने उतरतं आणि दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. सिझेरियन झालं असेल तर थोडा उशीर होऊ शकतो.

दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. बाळ चोखू लागलं की मेंदूतून प्रोलॅक्टिन हे हार्मोन सुटतं, त्याने दूध बनतं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये. ऑक्सिटोसिन हे दुसरं हार्मोन स्तनातल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतं आणि दूध वाहू लागतं, तोच पान्हा. वेदना, भीती, सततची टोकणी यांनी तो अडतो. दूध आत असूनही बाळाला मिळत नाही, आणि आई स्वतःलाच दोष देत बसते. तिला धीर द्यायला माणूस हवं ते यासाठी.

स्तनात दूध साचून राहिलं की नवं बनणं मंदावतं. त्यामुळे वरच्या दुधाने बाळाचं पोट भरलं, की तेवढं आईचं दूध उपसलं जात नाही आणि पुढच्या वेळी कमी बनतं. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू आईने जरूर खावेत, पण दूध वाढतं ते उपसल्याने. सुरुवातीला चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागतं.

उपसा नीट होणं हे बाळाच्या पकडीवर असतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक स्तनाग्रासमोर. स्तनाग्राने वरचा ओठ हलकेच चाळवावा आणि बाळ जांभईएवढा मोठा ‘आ’ करेपर्यंत थांबावं. मग पाठीला आधार देऊन त्याला झटकन जवळ घ्यावं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. आईने पुढे वाकू नये. खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा, ही चांगली पकड. नुसतं टोक तोंडात राहिलं तर ते टाळूच्या कडक भागावर घासतं. सुटल्यावर ते लिपस्टिकसारखं तिरकं चपटलेलं दिसतं, पुढे चिरा पडतात. खोलवर गेलं की ते मऊ टाळूपाशी पोचतं आणि दुखत नाही. दुखलं तर ओढून काढू नये. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा शू आणि काळी शी जाऊन पिवळी झालेली हवी. 3 किलोचं बाळ चौथ्या दिवशी 2.8 किलो भरलं तर घाबरायचं कारण नाही, दोन आठवड्यांत वजन परत येतं. दहा टक्क्यांहून जास्त घट, सुस्ती किंवा शू कमी होणं दिसलं तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जावं. त्यांनी वरचं दूध सुचवलं तर ते द्यावंच, फक्त त्यासोबत स्तन रिकामे करत राहावं.

कमी दिवसांचं बाळ चोखू शकत नसेल तर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला लागावं. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून साधारण 3 सेंटिमीटर मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे. त्वचेवरून घसरवायची नाहीत. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. निघालेला थेंबन् थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने चमच्याने, बोंडल्याने किंवा नळीने बाळाला देता येतो. एवढं करूनही कमी पडलं, तर आपल्याकडे दूधपेढ्या आहेत. आशियातली पहिली 1989 साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तिथे पाश्चरीकरण करून अशाच बाळांना पाजलं जातं.