लार्ज फॉरमॅट छायाचित्रण

लार्ज फॉरमॅट छायाचित्रण : ४ × ५ इंच किंवा त्याहून मोठ्या सुट्या फिल्मवर छायाचित्र टिपण्याची आणि त्या निगेटिव्हवरून कागदावर प्रत काढण्याची पद्धत. ५ × ७ व ८ × १० इंच ही अन्य रूढ मापे. ४ × ५ फिल्मचे क्षेत्रफळ ३५ मिमी. फिल्मवरील चौकटीच्या सुमारे १५ पट भरते, आणि परिचयपर लेखनात बहुधा याच आकड्यावर भर असतो. पण पद्धतीचे खरे वेगळेपण दोन गोष्टींत आहे: भिंग व फिल्म एकमेकांना समांतरच असली पाहिजेत असे बंधन नाही, आणि प्रत्येक फिल्म स्वतंत्रपणे डेव्हलप करता (रसायनात बुडवून तिच्यावरील चित्र उमटवता) येते.

कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीत भिंग व शटर, मागच्या चौकटीत दुधी काच आणि दोहोंमध्ये भाता असतो. काचेवर प्रतिमा उलटी, डावी-उजवी बदललेली दिसते. ४ × ५ साठी १५० मिमी., तर ८ × १० साठी ३०० मिमी. नाभीय अंतराचे भिंग सर्वसाधारण मानतात. उंच इमारत टिपताना कॅमेरा वर न रोखता पुढची चौकट उचलतात. त्यामुळे इमारतीच्या उभ्या रेषा समांतर राहतात. फिल्मचा भाग भिंगाच्या प्रतिमावर्तुळाबाहेर (भिंग जेवढ्या वर्तुळात प्रतिमा उमटवते, त्याबाहेर) गेला, तर चित्राचे कोपरे काळे पडतात.

शाइम्पफ्लूगचा नियम : भिंगाचे प्रतल आणि फिल्मचे प्रतल ज्या रेषेत छेदतात, त्याच रेषेतून स्पष्ट दिसणारे वस्तुप्रतलही जाते. हा नियम ऑस्ट्रियन सैन्याधिकारी थिओडोर शाइम्पफ्लूग यांच्या नावाने रूढ झाला, तो त्यांच्या १९०४ च्या ब्रिटिश पेटंटमुळे. त्याआधी, १९०१ मध्ये, फ्रान्सच्या झ्यूल कार्पांतिए यांनी पेटंटात हाच संबंध मांडला होता, आणि शाइम्पफ्लूग यांनी स्वतः त्याचा उल्लेख केला आहे. त्यामुळे मूळ कल्पना कार्पांतिए यांची व तिचा पद्धतशीर विस्तार शाइम्पफ्लूग यांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक. लक्षणीय बाब अशी, की दोघांचाही रोख चित्र टिपण्यावर नव्हता. कार्पांतिए यांचे उपकरण एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रत काढण्याचे यंत्र) होते. शाइम्पफ्लूग यांना हवाई छायाचित्रांतील विकृती काढायची होती. म्हणजे आज कॅमेऱ्यामागे वापरला जाणारा हा नियम मुळात प्रती काढण्याच्या बाजूने आला.

या नियमानुसार भिंग झुकवताना व्यवहारात कल फार थोडा लागतो. भिंग १५० मिमी. चे व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असेल, तर सपाट जमीन पायापासून क्षितिजापर्यंत स्पष्ट मिळण्यास सुमारे ६ अंश पुरतात. नवखे १५ अंश झुकवतात आणि मग झाडांचे शेंडे धूसर होतात.

फिल्म अंधारात होल्डरमध्ये (कॅमेऱ्याला मागून लावायच्या प्रकाशबंद चौकटीत) भरतात. उभ्या धरलेल्या फिल्मच्या वरच्या कडेवरील खाचा उजव्या कोपऱ्यात आल्या, की इमल्शन (फिल्मवरील प्रकाशसंवेदी थर) आपल्याकडे असते. डार्क स्लाइडची (होल्डरमधील फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पट्टीची) पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी. काळी बाजू म्हणजे वापरलेली. शटर उघडे असतानाच स्लाइड ओढणे ही सर्वांत नेहमीची चूक. जवळच्या वस्तूसाठी भाता लांबवला, की एक्स्पोजर (फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश) वाढवावे लागते: भात्याची लांबी भागिले नाभीय अंतर, त्याच्या वर्गाइतक्या पट. १५० मिमी. भिंगासाठी भाता २१० मिमी. झाला तर एक्स्पोजर जवळजवळ दुप्पट.

ट्रेमध्ये डेव्हलप करताना फिल्म आधी साध्या पाण्यात एकेक करून भिजवतात. कोरड्या फिल्म डेव्हलपरमध्ये एकदम पडल्या, तर एकमेकींना चिकटतात. २०° से. तापमानाला, इमल्शन वर ठेवून, तळची फिल्म काढून वर ठेवत राहायचे. सहा फिल्म असतील, तर दर ५ सेकंदांनी एक, म्हणजे अर्ध्या मिनिटात फेरी पूर्ण. वरच्या फिल्मचा कोपरा खालच्या इमल्शनला लागला, की ओरखडा पडतो. दृश्यात उजेड-सावलीचा फरक तीव्र असेल तर फिल्म कमी वेळ व फरक थोडा असेल तर जास्त वेळ डेव्हलप करण्याला झोन सिस्टिमने (एक्स्पोजर व डेव्हलपिंग यांचा मेळ घालणाऱ्या पद्धतीने) शिस्त आणली. ती साधारण १९३९–४० च्या सुमारास बांधली गेली. श्रेय बहुधा एकट्या अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांना दिले जाते. त्यात फ्रेड आर्चर यांचाही वाटा आहे.

८ × १० निगेटिव्हवरून प्रायः कॉन्टॅक्ट प्रत (निगेटिव्ह कागदाला भिडवून काढलेली, त्याच आकाराची प्रत) काढतात; अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांची ख्यातनाम चित्रे याच प्रकारची. काचेच्या चौकटीत निगेटिव्हचे व कागदाचे इमल्शन घट्ट भिडले पाहिजे. पोकळी राहिली, तर तेवढाच भाग धूसर येतो. ४ × ५ निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये दिव्याच्या उष्णतेने मध्यभागी फुगते आणि फोकस हलतो. म्हणून काही जण काचेचा कॅरिअर (निगेटिव्ह दोन काचांमध्ये धरणारी चौकट) वापरतात. मग न्यूटनची वलये (काच व फिल्म टेकल्याने उमटणारी कडी) आणि धूळ धरणारे चार पृष्ठभाग वाढतात.

धूळ दोनदा छळते. एक्स्पोजरच्या वेळी फिल्मवर असलेला कण प्रतीवर काळा ठिपका देतो, तर प्रत काढताना निगेटिव्हवर असलेला कण पांढरा. पांढरा ठिपका बारीक ब्रशने रंग लावून झाकता येतो. काळा मात्र पात्याच्या टोकाने खरवडावा लागतो, आणि चकचकीत कागदावर ती खूण लपत नाही.