हुकूमशहाच्या पगारावरचा शास्त्रज्ञ

शास्त्रज्ञ म्हटलं की सिनेमाने आपल्या डोक्यात एक माणूस पक्का बसवलाय: पिंजारलेले केस, फसफसणाऱ्या नळ्या, जग जिंकायची हाव. डिस्टोपियन कादंबऱ्यांत, म्हणजे जाचक सत्तेखालचं भयाण जग रंगवणाऱ्या कादंबऱ्यांत, हा गृहस्थ फारसा भेटत नाही. तिथला शास्त्रज्ञ वेळेवर कामावर जातो, वरिष्ठांना अहवाल देतो, घरी येऊन जेवतो. मला तरी जास्त धडकी त्याचीच भरते.

त्याचा एक पूर्वज १७२६ सालचा आहे. जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये लापुटा हे चुंबकाच्या जोरावर तरंगणारं बेट येतं. खालच्या एखाद्या शहराने बंड केलं, की बेट त्याच्या डोक्यावर आणून थांबवायचं. ऊन बंद, पाऊस बंद. तेवढ्याने भागलं नाही तर बेटच खाली आदळायचं. चुंबक सांभाळायचा खगोलशास्त्रज्ञांनी, पण तो वळवायचा राजा सांगेल तिकडे. स्विफ्टने लिहिलं थट्टेत, पण कामाची ही वाटणी पुढे दोनशे वर्षं टिकली.

थट्टेची धार गंभीर झाली ती पहिल्या महायुद्धात. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, आणि त्यामागे फ्रित्झ हाबर हा पहिल्या रांगेतला रसायनशास्त्रज्ञ होता. अमोनियाच्या संश्लेषणासाठी १९१८ चं नोबेलही त्यालाच मिळालं.

याच काळात येवगेनी झाम्यातिन हा रशियन जहाज-अभियंता इंग्लंडमध्ये बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करत होता. १९२०-२१ मध्ये त्याने 'वुई' लिहिली. नायक डी-५०३ स्वतः अभियंता, 'एकमेव राज्या'साठी अंतराळयान बांधणारा. शेवटी क्ष-किरणांनी त्याची कल्पनाशक्ती काढून टाकतात, आणि जिच्यावर प्रेम केलं तिचा छळ तो शांतपणे बघत बसतो. कादंबरी १९२४ मध्ये न्यू यॉर्कला इंग्रजीतून निघाली. सोव्हिएत वाचकाच्या हाती ती पडायला १९८८ उजाडलं.

अल्डस हक्स्लीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधला (१९३२) मुस्तफा मोंड हा एकेकाळचा चांगला भौतिकशास्त्रज्ञ. संशोधन फार खोलात जाऊ लागलं तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या जातात: बेटावर हद्दपारी किंवा सत्तेत वाटा. त्याने दुसरी धरली, आणि आता इतरांचे प्रबंध छापायचे की दडपायचे हे तोच ठरवतो.

या सगळ्यांत मला सरस वाटते ती मराठीत फारशी न चर्चिलेली 'कालोकेन', स्वीडिश कवयित्री कारिन बोये यांची १९४० ची कादंबरी. लिओ काल हा रसायनशास्त्रज्ञ माणसाला खरं बोलायला लावणारं औषध शोधतो आणि त्याला स्वतःचंच नाव देतो. चाचणीला माणसं हवीत? त्यासाठी सरकारी 'स्वेच्छाबलिदान सेवा' आहे. इंजेक्शनं घेऊन घेऊन खंगलेली माणसं तिथून मागवायची. लिओचा राज्यावर मनापासून विश्वास आहे. पण शेजारी उभा असलेला वरिष्ठ रिसेन त्याला खुपतो. बायकोचं याच्याशी काही असावं, असाही संशय. अखेर तो रिसेनविरुद्ध तक्रार गुदरतो. पुढे शत्रुराष्ट्र त्याला पकडून नेतं, आणि तिथल्या कैदेतही तो प्रयोगशाळेतच काम करत राहतो. मालक बदलला, टेबल तसंच.

युद्ध संपल्यावर लेखकांच्या हाती खरे दाखले आले. जर्मनीत न्यूरेंबर्गला १९४६-४७ मध्ये नाझी छळछावण्यांतल्या वैद्यकीय प्रयोगांबद्दल खटला चालला. २३ आरोपींपैकी बहुतेक डॉक्टर. ऑर्वेलच्या '१९८४'मधला (१९४९) शास्त्रज्ञ एकतर मानसशास्त्र आणि छळ यांची सरमिसळ करणारा, नाहीतर नुसत्या संहाराच्या कामाचं विज्ञान जाणणारा. 'विज्ञान' हा शब्दच तिथल्या नव्या भाषेत उरलेला नाही.

रशियन लेखक सोल्झेनित्सिनच्या 'द फर्स्ट सर्कल' या कादंबरीला (१९६८) डिस्टोपिया म्हणता येत नाही, कारण तिच्यामागच्या मॉस्कोजवळच्या मार्फिनोच्या तुरुंग-प्रयोगशाळेत तो स्वतः राहिला होता. तिथले तज्ज्ञ कैदीच आहेत. फोनवरच्या ध्वनिमुद्रित आवाजावरून एका माणसाला हुडकायचं काम त्यांतल्या रुबिनकडे येतं. पाच संशयितांपैकी तो दोघांपर्यंत पोहोचतो. पुढची निवड करायला त्याला आणखी वेळ हवा असतो. साहेब म्हणतो, दोघांनाही उचला. त्यातला एक निर्दोष आहे, असं रुबिन सांगून पाहतो.